चित्रांवरून पुन्हा घडवलेला कुत्रा : कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल

१९२६ साली लंडनमधील क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात एक वेगळेच बक्षीस जाहीर झाले. रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी ‘जुन्या वळणाच्या’ ब्लेनहाइम, म्हणजे पांढऱ्या-तांबूस, स्पॅनिएलपैकी उत्तम नराला २५ पौंड आणि उत्तम मादीला २५ पौंड देऊ केले होते. कुत्रा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळातील चित्रांत दिसतो तसा असावा, अशी त्यांची अट होती : तोंड लांबट, कवटी सपाट, डोके गोल फुगीर नसलेले आणि डोक्याच्या मधोमध तांबूस ठिपका. एल्ड्रिज असे कुत्रे शोधत इंग्लंडला आले होते आणि त्यांना आखूड, चपट्या तोंडाचे कुत्रेच सगळीकडे दिसले होते. चित्रे शिल्लक होती, पण चित्रांतला कुत्रा जवळजवळ नाहीसा झाला होता. आज कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल या नावाने जगभर ओळखला जाणारा लहानखुरा, लांब कानांचा आणि मोठ्या डोळ्यांचा कुत्रा या बक्षिसाच्या निमित्ताने नव्याने घडला. त्याचे रूप आणि दुर्दैवाने त्याचे आजारही समजून घ्यायचे असतील, तर तो कसा घडवला गेला हे आधी पाहावे लागते. कारण या जातीत दोहोंची मुळे एकाच ठिकाणी आहेत.

लहान स्पॅनिएल युरोपातील राजघराण्यांत आणि सरदारांच्या वाड्यांत सोळाव्या शतकापासून आढळतात. झुडपांत लपलेले पक्षी उठवणाऱ्या शिकारी स्पॅनिएलचेच हे आकाराने लहान भाऊबंद होते, आणि शिकारीची थोडी ओढ त्यांच्या वंशजांत आजही टिकून आहे. जॉन केयस या इंग्रज वैद्याने १५७० साली इंग्लंडमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. स्त्रियांच्या मांडीवर बसणाऱ्या या चिमुकल्या कुत्र्यांना पोटाशी धरले की पोटाचे दुखणे शमते, अशी त्या काळची समजूत त्याने त्यात नोंदवली आहे. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फोदरिंगे किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद झाला, तेव्हा तिच्या घेरदार वस्त्रांत एक लहान कुत्रा लपून बसलेला सापडला. तो स्पॅनिएल होता असे परंपरेने मानले जाते.

ज्या राजाचे नाव या जातीला मिळाले, त्या दुसऱ्या चार्ल्सने १६६० ते १६८५ या काळात राज्य केले आणि त्याचे कुत्र्यांचे वेड त्याच्या दरबाऱ्यांनाही खटकत असे. सॅम्युएल पेपिस या नौदलाच्या अधिकाऱ्याने सप्टेंबर १६६७ मधील आपल्या रोजनिशीत तक्रार केली आहे, की राजमंडळाच्या बैठकीत कामाकडे लक्ष देण्याऐवजी राजा सारा वेळ कुत्र्याशी खेळत होता. त्याच काळातील दुसरा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने तर राजाच्या शयनगृहातच कुत्र्या वीत आणि पिल्लांना पाजत, त्यामुळे तेथे दुर्गंधी पसरे, असे लिहून ठेवले आहे. या कुत्र्यांना कोणत्याही सार्वजनिक जागी प्रवेश मिळावा असा कायदा चार्ल्सने केला होता, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. मात्र तसा कायदा कागदोपत्री सापडलेला नाही.

चार्ल्सनंतर काही वर्षांतच तिसरा विल्यम आणि दुसरी मेरी गादीवर आले, त्यांच्याबरोबर दरबारात पग या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचे महत्त्व वाढले आणि स्पॅनिएल मागे पडला. मात्र मार्लबरोच्या ड्यूक घराण्याने पांढऱ्या-तांबूस रंगाचे स्पॅनिएल पिढ्यानपिढ्या पाळले. १७०४ साली पहिल्या ड्यूकने ब्लेनहाइमची लढाई जिंकली, त्या विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या राजवाड्यालाही तेच नाव मिळाले आणि या रंगाच्या कुत्र्यांनाही. लढाईच्या काळजीत डचेस सारा आपल्या गाभण कुत्रीच्या डोक्यावर सारखा अंगठा दाबत राहिली आणि म्हणून पिल्लांच्या डोक्यावर ठिपका उमटला, अशी गोड दंतकथा त्या घराण्याशी जोडलेली आहे. डोक्यावरचा हा ठिपका आजही ब्लेनहाइम रंगाच्या कुत्र्यात विशेष मानाचा समजला जातो. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीचा लाडका डॅश हाही असाच तिरंगी लहान स्पॅनिएल होता. २८ जून १८३८ रोजी राज्याभिषेक उरकून राजवाड्यात परतल्यावर राणीने आधी डॅशला अंघोळ घातली, असे सांगितले जाते.

व्हिक्टोरियाच्याच काळात आवड बदलली. श्वानप्रदर्शने सुरू झाली, वंशावळींच्या नोंदवह्या आल्या आणि चपट्या तोंडाचे, फुगीर कपाळाचे कुत्रे परीक्षकांना आवडू लागले. पग आणि जपानी चिन या चपट्या तोंडाच्या जातींशी झालेल्या संकरातून लहान स्पॅनिएलचे नाक पिढीगणिक आत गेले आणि त्यातून जी जात स्थिरावली ती म्हणजे किंग चार्ल्स स्पॅनिएल. ती आजही स्वतंत्र जात आहे, कॅव्हेलियरपेक्षा आकाराने लहान आहे आणि नावांच्या सारखेपणामुळे अनेकांचा येथे गोंधळ होतो. दोन्ही कुत्रे शेजारी उभे केले, तर मात्र तोंडाच्या लांबीवरून कोणीही ते क्षणात ओळखेल.

एल्ड्रिज यांच्या बक्षिसाला सुरुवातीला पैदासकारांनी नाके मुरडली, कारण त्यांच्या दृष्टीने लांब तोंडाचे पिल्लू म्हणजे वेतात निघालेला दोष होता. ज्यांनी प्रयत्न केला, त्यांनी अशीच ‘सदोष’ पिल्ले निवडून त्यांची आपसांत जोडणी केली. १९२८ साली ‘अ‍ॅन्स सन’ नावाच्या नराने हे बक्षीस जिंकले. एल्ड्रिज मात्र त्याच वर्षी, प्रदर्शनाच्या थोडे आधी, वारले होते. त्याच प्रदर्शनाच्या वेळी नव्या जातीचा क्लब स्थापन झाला. जातीचे मानक, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याचे लेखी वर्णन, ठरवताना सभासदांनी अ‍ॅन्स सनला नमुना म्हणून समोर ठेवले आणि जुन्या चित्रांच्या प्रतींशी ताडून पाहिले. या कुत्र्याला फॅशनपासून जपायचे आणि त्याचे केस कातरून आकार द्यायचा नाही, असेही तेव्हाच ठरले. अमिस पिट या बाईंनी पुढे कित्येक वर्षे या कामाची धुरा वाहिली. ब्रिटनच्या केनेल क्लब या श्वानजातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने १९४५ मध्ये कॅव्हेलियरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली, १९७३ मध्ये अलन्समिअर अ‍ॅक्वेरिअस या कॅव्हेलियरने क्रफ्ट्सचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये ही जात स्वीकारली.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. लांब तोंडाची पिल्ले मुळातच थोडी होती. त्यांतून निवड झाली ती आणखी थोड्यांची. आणि दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे पैदासकारांना आपले बहुतेक कुत्रे कमी करावे लागले. आजच्या बहुसंख्य कॅव्हेलियरांची वंशावळ अवघ्या सहा कुत्र्यांपर्यंत मागे जाते, असे मानले जाते. प्रत्येक प्राण्याच्या जनुकांत काही सदोष प्रती असतातच. मोठ्या आणि मिसळत्या समूहात त्या निरोगी प्रतींच्या आड झाकलेल्या राहतात. परंतु सारा समूहच मोजक्या पूर्वजांपासून वाढला आणि नोंदवही बाहेरच्या रक्ताला बंद राहिली, तर आई आणि वडील या दोघांकडून एकच सदोष प्रत येण्याची शक्यता वाढते. त्यात प्रदर्शन जिंकणाऱ्या एकाच नराकडे सगळ्यांनी आपल्या माद्या न्यायच्या, ही पैदासकारांची जुनी सवय भर घालते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये आठ जातींच्या कुत्र्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून तुलना केली, तेव्हा हानिकारक बदलांचे ओझे कॅव्हेलियरमध्ये इतर जातींपेक्षा जास्त आढळले. पैदासकारांनी मुद्दाम आजारी कुत्रे निवडले असे मुळीच नाही. त्यांनी डोळ्यांना दिसणारे निवडले आणि न दिसणारे त्याच्याबरोबर आपोआप आले.

दिसणारे रूप मात्र खरोखरच देखणे आहे. प्रौढ कॅव्हेलियरचे वजन साधारण ५.४ ते ८.२ किलो आणि खांद्यापाशी उंची ३० ते ३३ सेंटिमीटर असते. डोळे मोठे, गोल आणि गडद, पण बाहेर आलेले नसावेत. कान उंचावर रुजलेले, लांब आणि भरपूर केसांचे. कानांच्या मधला माथा जवळजवळ सपाट. अंगावरचे केस लांब, रेशमी, फार तर किंचित लहरी. कान, पाय, छाती आणि शेपूट यांवर केसांच्या झालरी असतात आणि त्या आठवड्यातून अनेकदा विंचराव्या लागतात, नाहीतर कानांमागे आणि काखेत गाठी होतात.

या जातीत मान्य रंग चारच आहेत आणि ते कसे पडतात हे समजण्यास सोपे असल्यामुळे आनुवंशिकतेचा धडा म्हणूनही ते पाहण्यासारखे आहे. येथे मुख्यतः दोन जनुकांचा खेळ चालतो. पहिले जनुक केसांत काळे रंगद्रव्य येऊ द्यायचे की केवळ तांबडे, हे ठरवते. दुसरे जनुक रंग सर्वांगावर पसरू द्यायचा की पांढऱ्यावर ठिगळांसारखा राहू द्यायचा, हे ठरवते. काळा रंग सर्वांगावर पसरला आणि भुवया, गाल, पाय येथे तांबूस खुणा राहिल्या, की काळा-तांबूस. काळा आणि तांबूस पांढऱ्यावर विखुरला, की तिरंगी. तांबडा सर्वांगावर पसरला, की रूबी. आणि तांबडा पांढऱ्यावर विखुरला, की ब्लेनहाइम. केवळ तांबडा आणि पांढऱ्यावर विखुरलेला, हे दोन्ही गुण अप्रभावी आहेत, म्हणजे आई-वडील दोघांकडून आले तरच दिसतात. त्यामुळे दोन ब्लेनहाइम कुत्र्यांची पिल्ले ब्लेनहाइमच होतात, तर दोन काळ्या-तांबूस कुत्र्यांच्या पोटी, दोघांनीही अप्रभावी गुण लपवून ठेवले असतील तर, चारही रंगांची पिल्ले येऊ शकतात. रंगाप्रमाणे आजारही असेच लपून पुढच्या पिढीत जातात, हे येथे ध्यानात घ्यावे.

स्वभावाने कॅव्हेलियर अतिशय प्रेमळ, मुलांशी आणि वृद्धांशी सारखाच मिसळणारा आणि अनोळखी माणसाचेही शेपूट हलवून स्वागत करणारा असतो. राखणदार म्हणून त्याचा उपयोग नाही. त्याला फार वेळ एकटे ठेवू नये. पक्षी दिसला की तो भान विसरून धावतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडू नये.

आता हृदयाविषयी. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा असे दोन कप्पे आहेत आणि त्यांच्यामध्ये द्विदल झडप आहे. खालचा कप्पा आकुंचन पावून रक्त शरीरात ढकलतो, तेव्हा ते उलटे वर जाऊ नये म्हणून ही झडप घट्ट मिटते. कॅव्हेलियरमध्ये या झडपेची पाने हळूहळू जाड आणि गाठाळ होतात. पावसाळ्यात फुगलेले दार जसे चौकटीत नीट बसत नाही, तशी ती नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे फिरते. त्या उलट्या प्रवाहाचा आवाज पशुवैद्याला स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो आणि त्यालाच मर्मर म्हणतात. मागे फिरणाऱ्या रक्ताला सामावून घेता घेता वरचा कप्पा ताणला जातो, पुढे फुप्फुसांत पाणी साचते आणि हृदय थकते. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांना हा आजार इतर जातींतही होतो; पण कॅव्हेलियरमध्ये तो फार लवकर येतो. पाच वर्षांच्या वयापर्यंत सुमारे निम्म्या कुत्र्यांत आणि दहा वर्षांपर्यंत जवळजवळ सर्वांत मर्मर आढळते, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि या जातीतील मृत्यूंचे हेच प्रमुख कारण आहे.

मर्मर ऐकू आले म्हणजे कुत्रा लगेच दगावणार, असा अर्थ मात्र नाही. पुष्कळ कुत्रे त्यानंतर काही वर्षे औषधाविना उत्तम जगतात. हृदयाचा आकार वाढला आहे का, हे सोनोग्राफीने पाहता येते आणि उपचार त्यावर ठरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की हृदय वाढलेले असले तरी लक्षणे अजून दिसत नाहीत अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केले, तर हृदय निकामी होण्याचा काळ सरासरी सुमारे १५ महिने पुढे ढकलला जातो. म्हणूनच दरवर्षी तपासणी करून घेणे मोलाचे आहे. घरी करण्याजोगी गोष्टही आहे : कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. ते वारंवार ३० च्या वर जाऊ लागले, तर त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

हा आजार पैदाशीतून निवडून काढणे कठीण का ठरले, याचे उत्तर त्याच्या वयात आहे. कुत्री दीड-दोन वर्षांची असताना तिला पहिले वेत होते आणि मर्मर दिसते ते सहाव्या वर्षी. तोवर तिची नातवंडेही जन्मलेली असतात. म्हणून हृदयतज्ज्ञांनी असा नियम सुचवला, की कुत्रा अडीच वर्षांचा होईपर्यंत त्याची जोडणी करू नये, त्या वयात त्याचे हृदय निर्दोष असावे आणि त्याचे आई-वडील पाच वर्षांचे होईपर्यंत मर्मरमुक्त राहिलेले असावेत. डेन्मार्कमध्ये २००२ पासून सोनोग्राफीसह हृदयतपासणी पैदाशीसाठी सक्तीची करण्यात आली आणि २०१०-११ मध्ये तपासलेल्या कुत्र्यांत या आजाराचा धोका २००२-०३ च्या तुलनेत ७३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. मला हा निष्कर्ष फार आशादायक वाटतो, कारण नियम सर्वांना सारखा लागू झाला तर दहा वर्षांत जात सुधारू शकते, हे त्यातून दिसते.

दुसरा मोठा आजार कवटीचा आहे आणि मला तो अधिक क्लेशदायक वाटतो, कारण कुत्रा वेदना सांगू शकत नाही. कॅव्हेलियरच्या कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मागच्या भागाला अपुरा पडतो. त्यामुळे लहान मेंदूचा काही अंश, मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो त्या छिद्रात दाबला जातो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती खेळणाऱ्या द्रवाचा मार्ग त्यामुळे अडतो आणि कालांतराने मज्जारज्जूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. या अवस्थेला सिरिंगोमायेलिया म्हणतात. कवटीची ही विकृती या जातीत जवळजवळ सार्वत्रिक आहे, तर पोकळ्या वयाबरोबर वाढत जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मालकांच्या मते निरोगी असलेल्या ५५५ कॅव्हेलियरांचे एमआरआय तपासले गेले. एक वर्षाच्या कुत्र्यांत २५ टक्के आणि सहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुत्र्यांत ७० टक्के, इतक्यांत पोकळ्या सापडल्या.

सर्वांनाच त्रास होतो असे नाही, पण होतो त्यांची लक्षणे ओळखता यायला हवीत. चालता चालता मागचा पाय उचलून, मानेला न लावता हवेतच खाजवल्यासारखे करणे ही विशेष खूण आहे आणि हौशी मालक ती पुष्कळदा लकब समजून हसण्यावारी नेतात. उचलताना अचानक केकाटणे, गळपट्टा नकोसा होणे, डोके उंचावर टेकवून झोपणे, उड्या मारण्याचे टाळणे, ही आणखी लक्षणे होत. निदान एमआरआयनेच होते. मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे आणि द्रवाची निर्मिती कमी करणारी औषधे बहुतेकांना आराम देतात, काहींवर शस्त्रक्रियाही केली जाते. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरल्यास मानेवरचा ताण टळतो. ब्रिटनमध्ये २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने या आजाराने तळमळणारे कॅव्हेलियर दाखवले तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि २०१२ मध्ये तेथे पैदाशीपूर्वी एमआरआय करून श्रेणी देण्याची अधिकृत योजना सुरू झाली.

इतर आजारांपैकी दोन जन्मजात आणि अप्रभावी आहेत : श्रमानंतर किंवा उत्तेजनेत स्नायू ताठरून कुत्रा कोसळणे, आणि कुरळे खरखरीत केस व कोरडे डोळे घेऊनच पिल्लू जन्मणे. या दोन्हींसाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे, त्यामुळे दोन वाहकांची, म्हणजे सदोष प्रत बाळगूनही निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यांची, जोडणी टाळली की बाधित पिल्लू जन्मतच नाही. मधल्या कानात चिकट द्राव साचणे, गुडघ्याची वाटी सरकणे, मोतीबिंदू हेही आढळतात. रक्ततपासणीत प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांची, संख्या कमी दिसली तर घाबरून जाऊ नये. अनेक कॅव्हेलियरांत प्लेटलेट जन्मतः आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात आणि त्यामुळे अपाय होत नाही.

पिल्लू घ्यायचे असल्यास वंशावळीच्या कागदाने समाधान मानू नये. आई आणि वडील दोघांचे हृदयतज्ज्ञाचे अहवाल, त्यांवरील तारखा, आजी-आजोबांची पाचव्या वर्षानंतरची स्थिती, एमआरआयची श्रेणी आणि डीएनए चाचण्या मागाव्यात. आई दोन वर्षांचीही नसेल, तर अहवाल कितीही स्वच्छ असला तरी त्याला फारसा अर्थ उरत नाही.

नॉर्वेमध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. एका प्राणिहितवादी संघटनेने केनेल क्लब आणि पैदासकारांविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लो येथील न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्ही जातींची पैदास प्राणिकल्याण कायद्याचा भंग करते असा निकाल दिला. अपिलात बुलडॉगबाबतचा निर्णय फिरला, पण कॅव्हेलियरबाबतचा कायम राहिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. यातून पाळलेल्या कुत्र्यांवर कोणतीही बंदी आली नाही, आणि शास्त्रशुद्ध आराखडा आखून दुसऱ्या जातीशी संकर करण्याचा मार्गही मोकळा राहिला.

असा संकर म्हणजे जातीचा शेवट, अशी भीती अनेक पैदासकारांना वाटते. पण पूर्वीचे उदाहरण वेगळे सांगते. डाल्मेशियन जातीत लघवीतील युरिक आम्ल जास्त ठेवणारे एक सदोष जनुक सर्व कुत्र्यांत पक्के झाले होते. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशिकी-तज्ज्ञाने १९७३ मध्ये एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे दर पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच जोडणी केली. संकराचा वाटा निम्मा, पाव, अष्टमांश असा घटत गेला, रूप पुन्हा डाल्मेशियनचे झाले आणि निरोगी जनुक मात्र टिकून राहिले. अमेरिकन केनेल क्लबने २०११ मध्ये त्या वंशाला प्रवेश दिला. कॅव्हेलियरचे काम याहून अवघड आहे. त्याच्या हृदयात आणि कवटीत एक नव्हे, अनेक जनुके गुंतलेली आहेत, त्यामुळे एकदाच केलेला संकर पुरणार नाही. प्रत्येक पिढीतील कुत्र्यांचे एमआरआय आणि हृदयाच्या सोनोग्राफी कराव्या लागतील, आणि आज जन्मलेल्या संकरित पिल्लाचे हृदय कसे निघाले हे कळण्यासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागेल.